आधी मण्याचं भोक, मग नायलॉनचा दोरा

बडोद्याच्या मंगळ बाजारात जाऊन "नायलॉनचा दोरा द्या" म्हणालात, तर दुकानदार चार वेगवेगळ्या वस्तू पुढ्यात ठेवील आणि चारही खरोखरच नायलॉनच्या असतील. एक काचेसारखा पारदर्शक आणि ताठ, एक शिवणाच्या दोऱ्यासारखा गोल पिळाचा, एक केसाइतका बारीक आणि चपटा, एक बुटाच्या नाडीएवढा जाड. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यातला दिसायला सगळ्यांत मजबूत तो उचलला. त्याचं तोरण गणपतीत दाराला लागलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला मधला पदर सुटला आणि मणी जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत गेले. आरती संपून सगळे नमस्काराला वाकलेलेच होते, म्हणून वेचायला निदान माणसं मिळाली.

दोऱ्याला शिव्या देऊन झाल्यावर दांडिया बाजारातल्या आत्यांना तुटलेला पदर नेऊन दाखवला. त्यांनी दोऱ्याकडे बघितलंच नाही. एक मणी चष्म्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याची कड बघ, सुरी आहे सुरी." त्या तोरणात मी काचेच्या नळ्या वापरल्या होत्या. कापलेल्या नळीची कड वाऱ्याने हलणाऱ्या दोऱ्यावर तीन दिवस घासत होती. दुसरा कुठला नायलॉन असता तर फार तर पाचव्या दिवशी तुटला असता.

तेव्हापासूनचं जे काही कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. महिरप, तोरण, रुखवताच्या वस्तू, गळ्यातल्या माळा यांपैकी काहीही पहिल्यांदा करायला घेणाऱ्यांसाठी.

१. आधी मणी आणा, दोरा नंतर

घरात एक रीळ पडलंय, त्याला बसतील असे मणी आणू, हा क्रम उलटा आहे. मणी आणा, ते पुडीत घालून बरोबर घ्या आणि मग दोऱ्याच्या दुकानात जा. निघण्यापूर्वी मण्याबद्दल तीन गोष्टी बघून ठेवा: भोक केवढं, भोकाची कड कशी, आणि तुमच्या नक्षीत एकाच मण्यातून दोरा किती वेळा जाणार.

ही तिसरी गोष्ट नवशिके विसरतात. साधी माळ असेल तर दोरा एकदा जातो. महिरपीत प्रत्येक जोडाच्या मण्यातून दोन पदर जातात, दुसरी ओळ जोडताना तिसरा जातो आणि शेवटी टोक लपवायला चौथा. तंगुसासारख्या (वरच्या चारांतला काचेसारखा पारदर्शक तो तंगूस) ताठ, गोल दोऱ्याचा हिशेब सोपा आहे. दोन पदरांना दोऱ्याच्या जाडीच्या दुप्पट भोक लागतं, तीन पदरांना सव्वादोनपटीहून जरा कमी, चारांना साधारण अडीचपट. म्हणजे ०.३० मिलिमीटरचा तंगूस ०.८० मिलिमीटरच्या भोकातून चारदा जेमतेम जाईल. ०.४० चा दोनदा गेला की भोक गच्च. तिसऱ्या वेळी जोर लावलात तर काचेचा मणी तडकतो, तोही बरोबर मधल्या ओळीतला, जिथे बदलता येत नाही.

कड तपासायला साधा सुती दोरा मण्यातून ओवा आणि दहा-बारा वेळा मागेपुढे ओढा. सुतावर लव आली तर तो मणी नायलॉनही कापणार, फक्त थोडा उशिरा. काचेच्या नळ्या यात पहिल्या. पितळी टोप्या आणि स्वस्त धातूचे मणी दुसरे, त्यांच्या भोकाला आत बारीक काटा राहिलेला असतो. नळ्या वापरायच्याच असतील तर प्रत्येक नळीच्या दोन्ही अंगांना एकेक छोटा गोल मणी घाला. दोरा वळतो तो मग गोल मण्याच्या कडेवर, नळीच्या नाही.

खंबातचे अकीक मणी आपल्याकडे सहज मिळतात आणि सुंदरही असतात, पण त्यांच्या भोकाची कड पुष्कळदा तीक्ष्ण राहते. हिऱ्याच्या भुकटीची बारीक टोचणी मिळते, तिने कड गोल करता येते. मात्र कोरडं घासू नका. मणी पाण्याच्या वाटीत बुडवून, पाण्याखालीच घासा. अकीक म्हणजे सिलिका. तिची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. खंबातच्या कारागिरांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. दहा मण्यांनी तुम्हाला काही होणार नाही, पण सवय पहिल्या मण्यापासूनच पाण्याची लावा.

२. चार दोरे, चार स्वभाव

नायलॉन तसा अलीकडचा. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने तो पहिल्यांदा बनवला. एकच पदार्थ, पण तो एकच जाड तार म्हणून ओढला, की शेकडो बारीक तंतूंना पीळ देऊन केला, की पीळ न देता, यावर सगळा फरक पडतो.

तंगूस ही एकच तार. मासेमारीच्या गळाला असते तीच. ताठ असल्याने सुई लागत नाही, टोक थेट मण्यात जातं. महिरप, मोत्यांचा नारळ, सुपारी, रुखवतातली पालखी, म्हणजे ज्या वस्तूंनी आपला आकार धरून उभं राहायचं त्यांना हाच. पण गळ्यात घालायच्या माळेला तंगूस लावू नका. माळ गळ्यावर पडत नाही, तारेसारखी उभी राहते. शिवाय रिळावरचे वळसे तो विसरत नाही आणि त्याची गाठ निसटते. गाठीबद्दल पुढे सविस्तर.

पिळाचा दोरा गोल आणि मऊ असतो. मोत्यांच्या माळेत दोन मोत्यांमध्ये गाठ मारायची असेल तर हा. जुने पटवेकरी मोती रेशमात गाठवत आणि अजूनही खऱ्या मोत्यांना मी रेशीमच सुचवीन. काचेच्या किंवा कल्चर्ड मोत्यांच्या रोजच्या माळेला पिळाचा नायलॉन चांगला चालतो, घामाने रेशमाइतक्या लवकर कुजत नाही.

चपटा, जवळजवळ बिनपिळाचा दोरा खास बारीक मण्यांसाठी असतो. नायमो हे त्यातलं जुनं नाव. जपानी मण्यांच्या कंपन्यांचेही असे दोरे ऑनलाइन मिळतात. तो भोकात पसरून बसतो, म्हणून एकाच मण्यातून चार-पाच वेळा नेता येतो. मण्यांचं कापडासारखं विणकाम, पट्ट्या, कानातली यांना तो हवा. सुई लागते, मेणही लागतं.

चौथी जाड दोरी, पाऊण ते दीड मिलिमीटरची. ब्रेसलेट, नवरात्रातल्या ऑक्सिडाइज्ड पेंडंटच्या सरकत्या गाठीच्या दोऱ्या, मोठ्या भोकाचे लाकडी मणी यांना. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

आता तोतये. गिअर वायर म्हणून जी मिळते ती आतून पोलादाची तार असते, वरून फक्त नायलॉनचा थर. जड दगडांना उत्तम, पण तिला गाठ मारायची नसते, क्रिंप मणी, म्हणजे चिमट्याने चेपून बसणारा धातूचा बारीक मणी, दाबायचा असतो. ताणणारा पारदर्शक दोरा म्हणजे इलास्टिक, तोही नायलॉन नव्हे. तंगुसाच्या शेजारीच ठेवलेला असतो आणि तितकाच पारदर्शक असतो, तेव्हा घेताना ओढून बघा.

एक इशारा घरातल्या जुन्या वस्तूंबद्दल. काठियावाडी मोतीभरताचा चाकळा (भिंतीवर लावायचा मण्यांचा चौकोन) किंवा आजेसासूबाईंची महिरप दुरुस्त करायची असेल, तर नायलॉन बाजूला ठेवा. ते काम सुतात ओवलेलं असतं. जुन्या सुताशेजारी नवा तंगूस घातलात की ताण पडल्यावर तंगूस टिकतो आणि आजूबाजूचं सूत तुटत जातं. सुताला सूतच. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेली बडोद्याची मोत्यांची चादर २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात विकली गेली, ती तर रेशमावर आणि हरणाच्या कातड्यावर भरलेली. तेव्हा नायलॉन कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

३. नंबरांचा उलटसुलट कारभार

इथे मी दोन वेळा पैसे वाया घालवले, म्हणून सावकाश वाचा.

तंगुसाचा नंबर वाढला की तो जाड होतो. ४० नंबर म्हणजे ०.४० मिलिमीटर, २५ नंबर म्हणजे ०.२५. रिळावर मिलिमीटर छापलेले असतात, तेच वाचा.

मण्यांचा नंबर वाढला की मणी लहान होतो. ६ नंबर साधारण ४ मिलिमीटर, ८ नंबर ३, ११ नंबर २, १५ नंबर दीड.

सुईचाही नंबर वाढला की सुई बारीक होते. ११ नंबरच्या मण्याला १० किंवा ११ नंबरची सुई, १५ च्या मण्याला १२ किंवा १३ ची.

नायमोसारख्या दोऱ्याला तर अक्षरं असतात. शून्यं जितकी जास्त तितका बारीक, मग ए, बी, डी असे जाड होत जातात. ११ नंबरच्या मण्यांना बी किंवा डी पुरतो.

पिळाच्या दोऱ्यावर कधी '२१०/३' असं दिसेल. डेनियर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. २१०/३ म्हणजे २१० डेनियरचे तीन पदर एकत्र पिळलेले. आकडा मोठा तितका दोरा जाड, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

सुरुवात करणाऱ्याने सरळ हे घ्यावं: ४ ते ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक मोत्यांच्या महिरपीला ०.३० किंवा ०.३५ चा तंगूस. ११ नंबरच्या काचमण्यांना तंगूसच वापरायचा असेल तर ०.२० ते ०.२५, आणि नीट काम हवं असेल तर चपटा दोरा.

४. दुकानात

न्याय मंदिरापासून मंगळ बाजार, नवा बाजार हा सगळा भाग पायीच फिरायचा. गाडी नेऊ नका. दुकानदाराला नंबर सांगण्याआधी मणी दाखवा. "आनुं काणुं नानुं छे," म्हणजे ह्याचं भोक लहान आहे, एवढं गुजराती पुरतं. तो आपणहून बारीक रीळ काढतो. मग तिथेच एक टोक मण्यातून घालून बघा, हवे तेवढे पदर जातात का. चांगला दुकानदार यावर कुरकुर करत नाही. जो करतो त्याच्याकडून घेऊ नका.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी पंधरा दिवस नायलॉनचा दोरा मागितलात तर "बेन, शेना माटे जोईए छे?" असा प्रश्न येईल आणि नजरही जरा निराळी असेल. कारण रास्त आहे. पतंगाच्या नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. पिशवीतले मणी दाखवले की प्रश्न मिटतो. मुलांकडे असला मांजा उरलेला सापडला तर "चला, तोरणाला होईल" म्हणून ठेवून घेऊ नका. त्यावर काचेची पूड असते, बोटंही कापतात.

रीळ हातात घेतल्यावर वरचा वीतभर दोरा बोटाभोवती गुंडाळून सोडा. पिवळट असेल, दुमडल्यावर पांढरी रेघ उमटत असेल किंवा कट्कन तुटला, तर तो जुना आहे किंवा उन्हात पडलेला. दुकानाच्या दर्शनी काचेतली रिळं म्हणूनच घेऊ नयेत. आणि पहिल्या खेपेला किलोवर मिळणारा मोठा गुंडा नको, छोटं रीळच घ्या.

तो नायलॉनच आहे का, हे घरी कळतं. तुकडा साबणाच्या पाण्यात नीट बुडवून सोडा. नायलॉन तळाला जातो. मासेमारीचे काही विणलेले दोरे पॉलिइथिलीनचे असतात, ते तरंगतात. दुसरी परीक्षा ज्योतीची. चिमट्यात इंचभर तुकडा धरून ज्योतीजवळ न्या. नायलॉन आधी आक्रसतो, मग वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताची राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टरही वितळतो, पण काळा धूर सोडतो. हे मोरीत करा, आणि वितळलेला थेंब बोटाला चिकटतो हे माझ्याकडून ऐकून ठेवा, स्वतः करून बघायची गरज नाही.

५. जवळ काय असावं

पसरट ताट आणि त्यात अंथरायला जुना टर्किश टॉवेल, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. नखं कापायचं नेलकटर, तंगूस मण्यालगत कापायला कात्रीपेक्षा सरस. मण्यांच्या लांब बारीक सुया, निदान चार, कारण त्या वाकतात आणि मोडतात. मधमाश्यांच्या मेणाचा खडा. मेणबत्तीचं मेण नको, ते दोऱ्यावरून भुसा होऊन गळतं. मोजपट्टी, छोटा चिमटा, उदबत्ती, पाण्याची वाटी. आणि दिवसाचा उजेड. रात्री दिव्याखाली पांढरा आणि मोतिया रंग एकच दिसतो, सकाळी महिरपीत दोन पट्टे निघतात.

दोऱ्याच्या रंगाचं एका वाक्यात: पारदर्शक मण्यांतून दोरा दिसतो, तेव्हा मण्याच्या रंगाचा किंवा किंचित गडद घ्या, आणि रंगीत दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून रंग सुटतो का ते बघा.

६. दोऱ्याला आधी ताणून घ्या

ही पायरी सगळे गाळतात. नायलॉन ताणला जातो. तुम्ही न ताणता ओवलात तर तो मण्यांच्या वजनाने नंतर ताणला जाणार आणि दोन मण्यांमध्ये दोरा उघडा दिसणार.

एका वेळी एक वाव दोरा घ्या, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतो तेवढा. जास्त लांब घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, पण गुंत्यात तो दुपटीने जातो. एक टोक कुणाला तरी धरायला द्या किंवा दाराच्या कडीला बांधा, आणि हळूहळू ओढून पंधरा-वीस सेकंद तसाच धरा. झटका देऊ नका.

तंगुसाचे वळसे जात नसतील तर तो तुकडा गरम पाण्यात, हात जेमतेम बुडवता येईल इतक्याच गरम, दोन मिनिटं ठेवा आणि ताणून धरूनच वाळू द्या. नायलॉन पाणी पितो आणि उष्णतेने सैलावतो, म्हणून सरळ होतो. पुढे वळसे पडू नयेत म्हणून मी तंगूस छोट्या रिळावर ठेवतच नाही. उत्तरायणाची रिकामी फिरकी धुऊन तिच्यावर गुंडाळते. फिरकीचा घेर मोठा, म्हणून वळसाही मोठा पडतो. घरातल्यांनी यावर पुष्कळ विनोद करून झाले आहेत.

चपट्या दोऱ्याला मेण लावा: खड्यावरून दोरा दोनदा ओढायचा, मग बोटांच्या चिमटीतून दोनदा, जादा मेण निघून जातं. मेणाने तंतू एकत्र राहतात आणि दोरा मण्यात जरा धरून बसतो. तंगुसाला मेण लावण्यात अर्थ नाही.

सुई ओवताना दोऱ्याचं टोक तिरकं कापा आणि नखाने चेपून चपटं करा. थुंकी लावून टोक गोल करायची आपली सवय इथे नडते, कारण मण्यांच्या सुईचं नेढं गोल नसतं, लांबट फट असते.

७. ओवणी: पहिली पट्टी

तोरण करायच्या आधी ४ मिलिमीटरच्या मोत्यांची एक साधी पट्टी करा. सगळी महिरप याच चौकटींची असते.

तंगुसाचा तुकडा पट्टीच्या लांबीच्या चौपट घ्या आणि वर दोन वितींची टोकं जास्त. तीन मोती ओवून मधोमध आणा. चौथा मोती घ्या, त्यात एका बाजूने उजवं टोक आणि दुसऱ्या बाजूने डावं टोक घाला आणि दोन्ही टोकं ओढा. एक चौकट झाली आणि टोकांची अदलाबदल झाली. आता प्रत्येक टोकात एकेक मोती, आणि तिसरा मोती पुन्हा समोरासमोरून दोन्ही टोकांत. दुसरी चौकट. म्हणजे पहिलीला चार, पुढच्या प्रत्येकीला तीन. दहा चौकटींना ३१ मोती. मोजून वेगळे काढून ठेवा, शेवटी एक उरला तर चूक कुठेतरी झाली आहे हे लगेच कळतं.

ओढ किती असावी हे लिहून सांगता येत नाही, तरी सांगते. पट्टी एका टोकाला धरली की खाली लवली पाहिजे, लोंबकळता कामा नये. काठीसारखी ताठ राहिली तर ओढ जास्त झाली. अशी पट्टी गोल वळवताना तंगूस मण्याच्या कडेवर कापतो. मी रागात असले की माझी पट्टी ताठ होते. आत्या पट्टी हातात घेऊन विचारतात, "आज घरी काय झालं?"

८. गाठ

तंगुसाला शिवणातली एक गाठ मारून भागत नाही. तो गुळगुळीत आणि ताठ, गाठ स्वतःच उलगडते. सुरगाठ तर नकोच, निरगाठ हवी, आणि तीही अशी:

उजवं टोक डाव्यावरून नेऊन अढी घाला, पण त्या पहिल्या अढीत टोक एकदा नाही, दोनदा गुंडाळा. यामुळे दुसरी अढी घालेपर्यंत पहिली सैल होत नाही. आता डावं टोक उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून नेलंत तर गाठ वाकडी बसते आणि सरकते. आवळण्यापूर्वी गाठीला पाण्याचं बोट लावा. कोरडा नायलॉन आवळताना घर्षणाने तापतो आणि नेमका गाठीपाशीच कमजोर होतो. कोळी गळ बांधताना गाठ ओली करतात ती याचसाठी. मग सावकाश आवळा. अशीच तिसरी अढी.

गाठ मण्याबाहेर दिसू देऊ नका. शेजारच्या मण्यात ओढून घ्या. हलकासा 'टक्' जाणवतो, तेव्हा ती आत गेली. दोन्ही टोकं उलट दिशांना पाच-सहा मण्यांतून परत न्या, मगच कापा. मण्यालगत लगेच कापलेलं टोक दोन दिवसांत बाहेर डोकावतं आणि गळ्यात टोचतं.

झटपट चिकटणारा गोंद गाठीवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने दोरा कडक होतो आणि कडक झालेल्या जागेच्या कडेलाच तुटतो, वर मण्यांवर पांढरी धूसर साय येते ती वेगळी. पारदर्शक नेलपॉलिशचा सुईच्या टोकाएवढा थेंब काचेच्या मण्यांवर चालतो. प्लास्टिकच्या मोत्यांवर मात्र नाही, त्यांची चमक उतरते. एका रुखवताच्या नारळावर माझ्याकडून हे झालं आहे. तो नारळ मागच्या बाजूने ठेवला गेला.

९. टोक वितळवणं

हे फक्त जाड दोरीला आणि पिळाच्या दोऱ्याला. मेणबत्ती किंवा लायटरच्या ज्योतीने टोक काळं होतं आणि शेजारचा मणीही जातो. पेटलेली उदबत्ती घ्या, तिचं लाल टोक दोऱ्याच्या टोकाला क्षणभर टेकवा. नायलॉन प्रकाराप्रमाणे साधारण २२० ते २६५ अंशांना वितळतो, उदबत्तीची ठिणगी त्याहून पुष्कळ गरम असते आणि जाळते फक्त टिंबाएवढी जागा. राख आधी झटका. पंखा बंद ठेवा.

१०. टांगून बघा

तोरण झालं की लगेच दाराला लावू नका. एक रात्र खिळ्याला टांगून ठेवा. जे काही ताणलं जायचं ते रात्रीत जातं. सकाळी पदरांची लांबी मोजा, एखादा खाली आला असेल तर वरची गाठ उसवून सारखा करा. म्हणून वरच्या गाठीची टोकं त्या रात्रीनंतरच लपवायची आणि कापायची.

मे महिन्यात केलेलं तोरण श्रावणात किंचित सैल वाटलं तर घाबरू नका. नायलॉन हवेतला ओलावा घेतो, आणि आपल्याकडे मे आणि ऑगस्टच्या हवेत केवढा फरक असतो ते सांगायला नको. ऑर्डरचं काम मी म्हणून शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर करत नाही, करावं लागलं तर ओढ जरा जास्त ठेवते.

ऊन हा खरा शत्रू. पश्चिमेच्या दारावर वर्षभर लटकणारं तंगुसाचं तोरण पिवळं पडतं, कडक होतं आणि एके दिवशी दार आपटल्याचं निमित्त होतं. सण झाला की उतरवून जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा. घडी घालू नका, गुंडाळा. घडीच्या जागी तंगूस मोडतो. काळ्या मण्यांची पोत नायलॉनमध्ये गाठवलेली असेल आणि रोज गळ्यात असेल, तर तुटायची वाट न बघता वर्षाकाठी एकदा नव्याने गाठवून घ्या. सोन्याच्या वाट्या गटारात शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

जुनं तोरण उसवून मणी परत वापरायचे असतील तर आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मग टॉवेल अंथरलेल्या ताटातच कापा. निघालेला दोरा तसाच कचऱ्यात टाकायचा नाही. अंगणात, गच्चीवर पडलेल्या तंगुसात कबुतरांचे पाय अडकतात आणि तो कुजत तर नाहीच. बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरायचे, पिशवीला गाठ मारायची. ही गाठ कशीही मारली तरी चालते.